हरी तांडेलाची नजर

सुरंगदांड्याची एक रीत आहे. दिवेलागण झाली की किनाऱ्याच्या पुळणीवरून किंवा माडांखालच्या पाणंदीतून जाताना समोरून माणूस आलं, तर आपण होऊन आपलं नाव सांगायचं. "मी बाबल." "मी पार्वती, बर्फ आणूक चललंय." कुणी विचारो न विचारो. वाडीत आता माडाआड उन्हावर साठवलेल्या विजेचे दिवे आहेत. पोरं विजेच्या सायकलींवरून वाऱ्यासारखी जातात, पण जाता जाता नाव टाकूनच जातात. नवी सून आली की आधी हे शिकते. पाहुणे हसतात. कुणी विचारलंच तर वाडीचं उत्तर ठरलेलं: मोठ्या वादळात खांब पडले, कितीतरी महिने काळोख होता, तेव्हा लागलेली सवय.

शेवंतीही हेच सांगायची. त्यात आणखी काही असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

शेवंती म्हणजे हरी तांडेलाची बायको. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, वाऱ्याचा वास घेऊन दिशा सांगणारा. हरीसारखा तांडेल वाडीनं पुन्हा पाहिला नाही. त्या मोठ्या वादळाच्या संध्याकाळी त्याची होडी सगळ्या माणसांसकट परतली. दुसऱ्या दिवशी तो देवीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, माणसं सुखरूप पोचली तर पुन्हा होडीत पाय ठेवणार नाही, असं मी भर समुद्रात बोललो होतो. ऐन उमेदीत त्यानं समुद्र सोडला आणि जन्मभर पुळणीवर बसून लोकांची जाळी सांधली. वाडीनं त्या शब्दाचा मान राखला. नारळी पौर्णिमेला समुद्राला पहिला नारळ हरीच्या घरचा. हरी गेला, तेव्हा तो नारळ शेवंतीच्या ओंजळीत आला. बाईमाणसाच्या हातून पहिला नारळ जाणारी किनाऱ्यावरची ही एकच वाडी असेल.

नवस खरा नव्हता, हे शेवंतीला ठाऊक होतं. तिला एकटीलाच ठाऊक होतं, असं ती समजून होती.

*

तिची लेक दीक्षा कुडाळला राहायची. तिचा मुलगा निनाद सात वर्षांचा. गेल्या पावसाळ्यापासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. दिवसा चेंडू अचूक झेलणारा पोर ऊन उतरलं की खुर्च्यांना, दारांना, माणसांना धडकायचा. शाळेत त्याला धांदरट म्हणायला लागले. दीक्षानं त्याला जनुककेंद्रात नेलं, तपासण्या झाल्या, आणि निकाल समजून घ्यायच्या दिवशी तिनं आईला सोबत बोलावलं.

केंद्रातल्या डॉ. लोबो वेंगुर्ल्याच्या. बोलणं सावकाश, हात टेबलावर शांत ठेवलेले. त्यांनी आधी निनादला मत्स्यटाकीपाशी पाठवलं आणि मग सांगायला घेतलं.

जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा जनुकनकाशा काढायचा, ही आता लशीइतकी साधी गोष्ट झाली होती. शरीर कसं घडवायचं हे सांगणारी तीन अब्ज अक्षरं यंत्र एका दुपारी वाचून काढतं. अवघड असतं ते पुढचं. कुठल्याही दोन माणसांची अक्षरं तंतोतंत जुळत नाहीत. लाखो ठिकाणी फरक असतो, आणि त्यातले बहुतेक नाकाच्या ठेवणीइतके निरुपद्रवी. एखादाच फरक घात करतो. तो कोणता, हे नुसतं अक्षराकडे पाहून कळत नाही.

"आजी, तुमच्याकडे जाळी विणतात ना," डॉ. लोबो म्हणाल्या. "एखादी गाठ वेगळी पडली, तर जाळं वाया गेलं असं म्हणता का?"

शेवंतीनं मान हलवली. गाठ वेगळी असते, पण मासा अडतो. एखादीच गाठ अशी, की तिथून सगळी मासळी निसटते. "पाण्यात टाकल्याबिगर कळत नाय," ती म्हणाली.

"तेच. आमच्यासाठी पाणी म्हणजे माणसाचं आयुष्य."

निनादच्या एका जनुकात अशी वेगळी गाठ होती. मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींना जिवंत ठेवणारं ते जनुक. बायकांकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते. म्हणून दीक्षाला काही त्रास नव्हता. पुरुषाकडे एकच. केंद्रानं निनादच्या रक्तातल्या पेशींपासून काचेच्या वाटीत डोळ्याच्या पडद्याचा एक कण वाढवला होता. मसुराच्या डाळीएवढा, पण उजेड ओळखणारा. हे तंत्र नवीन होतं, आणि त्यानं कितीतरी घरांची वर्षानुवर्षांची अनिश्चितता संपवली होती. निनादच्या वाटीतल्या पेशी लवकर थकत होत्या. संशय त्या गाठीकडेच जात होता.

"मग औषध द्या," दीक्षा म्हणाली.

औषध होतं. त्याच जनुकाची नीट प्रत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून, सुईनं डोळ्याच्या पडद्याखाली सोडायची. पेशी जिवंत असेपर्यंतच तिचा उपयोग. निनादकडे एखाद-दोन वर्षं होती. पण बिघाड दुसऱ्याच कशामुळे असेल, तर उरलेली नजरही त्या सुईनं धोक्यात यायची. म्हणून नियम असा, की गाठ रोगकारक ठरल्याशिवाय सुई लावायची नाही. आणि ही गाठ जगाच्या नोंदीत निरुपद्रवी म्हणून बसलेली होती.

"कोणी बसवली?" दीक्षानं विचारलं.

डॉ. लोबोंनी संगणकाचा पडदा वळवला. दहा-बारा वर्षांपूर्वी किनारपट्टीवर घरोघरी जनुकनकाशे काढले, तेव्हा हीच गाठ एका वयस्क पुरुषात सापडली होती. त्याच्याकडेही ती एकच प्रत. आणि पुढे दोन शब्द होते: दृष्टी उत्तम.

"असा एक माणूस शंभर वाट्यांना भारी पडतो," त्या म्हणाल्या. "ही गाठ बाळगून तो सहासष्ट वर्षं नीट पाहत असेल, तर गाठ निर्दोष. ते तुमचे वडील होते, दीक्षाताई."

शेवंतीला ती दुपार आठवली. डोक्यावर रणरणतं ऊन. नकाशेवाल्यांची डोळे तपासायची गाडी पुळणीत रुतली, म्हणून त्यांनी नुसतंच विचारून घेतलं. हरी जाळं मांडीवर घेऊन बसलेला. त्यांच्या देखत त्यानं गाठ मारून दाखवली होती. आणि तिनं, पदर सावरत, कौतुकानं सांगितलं होतं: त्यांची नजर म्हणजे घारीची.

निघता निघता डॉ. लोबोंनी आणखी एक सांगितलं. मॉरिशसमध्ये एक घर आहे. पाच-सहा पिढ्यांमागे कोकणातूनच गेलेलं असावं. त्या घरातल्या एका मुलालाही हीच गाठ आहे, आणि याच नोंदीवरून त्यांना काळजी करू नका असं कळवलं गेलं आहे. "नाव मला सांगता येणार नाही. पण आठवेल ते सगळं सांगा, आजी. बारीकसारीक असलं तरी."

शेवंती म्हणाली, बघते.

*

त्या संध्याकाळी दीक्षा आणि निनाद आजीकडेच राहिले. ऊन माडांच्या शेंड्यांवर चढलं, मग तिथूनही गेलं. शेवंतीनं दिवा लावला आणि गाऊ लागली. ती रोज तिनसांजेला गायची. लग्न होऊन आली तेव्हा गळ्यात माहेरच्या ओव्या होत्या. पुढे त्या संपल्या आणि तिच्या स्वतःच्या सुरू झाल्या.

*तिनसांज झाली बाई, उंबऱ्याशी ठेवली कळशी,*
*डाव्या अंगानं ये रे, उजवीकडं तुळशी.*

*खांबाला टेकलं वल्हं, पडवीत निजलं मांजर,*
*चार पावलं सरळ ये रे, पुढं माझ्या हाताचं बंदर.*

निनाद अंगणातून आत आला. कळशीला वळसा घालून, मांजराला ओलांडून, कुठंही न अडखळता आजीच्या हातापाशी. आल्यावर त्यानं खुशाल विचारलं, "आजी, टोपली कुठे ठेवलीस ते ओवीत का नाही सांगितलंस?"

दीक्षा चुलीपाशी उभी होती. ती तशीच राहिली.

या ओव्या ऐकत ती वाढली होती. कळशी जागची हलवली की आईचा ओरडा बसायचा, हेही तिला आठवत होतं. बाबा बाकीच्या पुरुषांसारखे रात्री पारावर गेले नाहीत कधी. लोक म्हणायचे, हरीसारखा संसारी माणूस नाही. आईच्या ओवीत रोज नवं काहीतरी असायचं: आज वल्हं, उद्या पाटा, परवा पाहुण्यांच्या चपला. लहानपणी तिला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी गाण्यात चपला असतात.

निनाद झोपाळ्यावर गेला, तेव्हा तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"आई, बाबांका तिनसांजेनंतर दिसत नव्हता ना गो?"

शेवंतीनं वात पुढे सारली. खोटं काही बोलली नाही, आणि दीक्षाला तेवढं पुरलं. ती आईवर चिडली नाही. एवढंच म्हणाली, की मला तू सांगून भागणार नाही, डॉक्टरांना सांगावं लागेल. मग आईच्या शेजारी बसून राहिली.

शेवंतीच्या मनात दोन लाटा एकमेकींवर आपटत होत्या. पोराचे डोळे एकीकडे. त्यात तोलण्यासारखं काय होतं? आणि तरी दुसरीकडे हरी होता. वादळाच्या त्या संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा दार उघडं असून त्याला दार सापडेना. भिंत चाचपत उभा होता. तिनं हात धरून आत घेतलं, तेव्हा तो म्हणाला होता, दोन वर्षं झाली, संध्याकाळ अशीच मावळते. आज माणसं बुडवली असती. देवीला काय सांगायचं ते त्यानं रात्रीतच ठरवलं. तिच्याकडून एकच शब्द घेतला, मी गेलो तरी हे उघडं करू नकोस. तांडेल म्हणून त्याला ओळखत होते. आंधळा म्हणून त्याला कुणी ओळखायला नको होतं.

तिनं शब्द पाळला होता. गाऊन पाळला होता. आणि आता तो मोडायचा म्हणजे देवीसमोरचा नवस खोटा ठरणार, पहिल्या नारळाचा मान खोटा ठरणार. वाडी म्हणेल, इतकी वर्षं आम्हाला फसवलंत.

पण कडा हरवत जाऊन नळीसारख्या उरलेल्या नजरेनं हरी दिवसाउजेडी एकेक गाठ निरखायचा, ते तिला आठवलं. कुणाचं जाळं चुकीच्या गाठीनिशी परत गेलं असतं, तर तो जेवला नसता. आता मॉरिशसपर्यंत एक चुकीची गाठ गेली होती, आणि ती त्याच्या नावानं गेली होती.

सकाळी तिनं ठरवलं, आधी बाबलला सांगायचं. केंद्रातून कानावर येण्याआधी घरच्या माणसाला आपल्या तोंडून कळावं.

*

बाबल हा हरीचा धाकटा भाऊ, आता वाडीतला सगळ्यात जुना खलाशी. तो ओट्यावर बसून फाटकं जाळं सांधत होता. शेवंतीला बघून त्यानं सुनेला चहा टाकायला सांगितला आणि सरकून जागा केली.

"भावजी, एक बोलूचा आसा."

"बोल, वैनी."

"त्यांका काळोख पडल्यार दिसत नव्हता. लग्नानंतर दोन-चार वर्षांनीच ता सुरू झाला. तो नवस, ता काय खरा नव्हता."

बाबलनं गाठ ओढली, दातानं दोरा तोडला.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला. "होडयेतल्या सगळ्यांका म्हायत होता. आमी काय आंधळे होतंव?"

मग बाबल सांगत गेला, जाळ्याकडे बघूनच. त्या संध्याकाळी वारा फिरला होता, आणि हरी होडी थेट खडकाकडे नेत होता, शांतपणे, जसा काही समोर मोकळा समुद्र आहे. बाबलनं उठून त्याच्या हातावर हात ठेवला आणि सुकाणू आपल्याकडे घेतलं. हरीनं ते दिलं. होडीत कुणी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी हरी देवीसमोर नवसाचं बोलला, तेव्हा सगळे खलाशी मागं उभे होते. असं काही समुद्रात बोललं गेलं नव्हतं, हे प्रत्येकाला माहीत होतं. त्यांच्यातला म्हातारा दादू मेथर पुढं झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "खरा आसा. आमी सगळ्यांनी आयकला." पहिल्या नारळाचा मानही दादूनंच सुचवला. एकदा मान दिला की मग कुणी त्याला परत होडीवर बोलावणार नाही.

"आणि नाव सांगण्याची रीत," बाबल म्हणाला, "ती वादळाची नाय. खांब पडले होते ह्या खरा. पण पाणंदीत तो माका धडकलो, आणि इतको कानकोंडो झालो, की दुसऱ्या दिवसापासून मी लांबसूनच नाव सांगूक लागलंय. माज्या बायकोन बगितल्यान, तीय सांगूक लागली. मग पोरां. मग सगळीच." खांब परत उभे राहिले तेव्हा बाबलला वाटलं होतं, आता लोक थांबतील. कुणी थांबलं नाही. कुणाला किती माहीत होतं आणि कुणी नुसतंच बघून शिकलं, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

चहा आला. शेवंतीनं कप हातात घेतला, प्यायली नाही.

"तुमी कदी बोललास नाय, भावजी."

"तू तरी खंय बोललंस? रोज तिनसांजेक गात होतंस. अख्ख्या वाडयेक म्हायत असायचा, आज हरीच्या घरात कळशी खंय आसा ती."

शेवंतीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लागला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, एकटीनं दिवा हातात धरलाय. आणि सगळी वाडी आपापला दिवा पदराआड धरून उभी होती.

मग तिनं मानाचं विचारलं. तो आता राहील का, ते.

"तो मान तेनी मागलो नव्हतो, वैनी. वाडयेन दिलो. परत मागूक कोणाची छाती आसा?"

*

डॉ. लोबो आठवड्याभरात सुरंगदांड्याला आल्या. नुसत्या आजीच्या शब्दावर गाठीचा निवाडा फिरवता येत नाही, त्यांनी स्पष्ट सांगितलं. आजीला नातवाचे डोळे हवे आहेत, तिची साक्ष कितीही खरी असली तरी हलकीच धरावी लागते. पण होडीवरचे चार म्हातारे अजून होते. त्यांना काही मिळवायचं नव्हतं. डॉक्टरांनी प्रत्येकाला वेगळं बसवून विचारलं, एकाचं दुसऱ्याच्या कानावर पडणार नाही अशा बेतानं. खडक, सुकाणू, भावानं हातावर ठेवलेला हात. चौघांनी तेच सांगितलं. एकानं होडी थोडी मोठी केली, तेवढाच फरक.

निघायला उशीर झाला. शेवंती त्यांना पाणंदीतून रस्त्यापर्यंत सोडायला गेली. माडांखाली चार पावलं जातात न जातात, तो समोरून आवाज आला, "मी पार्वती." थोडं पुढं, "मी ओंकार." मग एका लहान मुलीचा, "मी गार्गी, आणि ह्यो माझो कुत्रो."

डॉ. लोबो थांबल्या. "हे काय?"

शेवंतीच्या तोंडात नेहमीचं उत्तर आलं होतं. मोठ्या वादळात खांब पडले. तिनं ते तसंच परत गिळलं.

"ह्या त्यांच्यासाठी," ती म्हणाली. "हरी तांडेलासाठी."

डॉक्टरांनी मुलीच्या कुत्र्याला हात लावला, आणि मग विचारलं, "हेही लिहू?"

"लिवा."

*

निवाडा फिरला. मसुराच्या डाळीएवढ्या त्या कणाचं म्हणणं आणि चार खलाशांचं म्हणणं आता एकाच बाजूला पडत होतं. निरुपद्रवी हा शब्द खोडला गेला, तिथे रोगकारक आला. दीक्षानं आईला दाखवला, तेव्हा शेवंतीला तो शब्द टोचला. हरीच्या रक्तातली गाठ, तिला असलं नाव. पण त्या शब्दाखाली डॉ. लोबोंनी नियमानं लागत नसलेली एक ओळ घातली होती. दीक्षानं ती मोठ्यानं वाचली: संध्याकाळनंतर दिसत नसे, घरानं व गावानं इतकं सांभाळलं, की नोंद करणाऱ्यांनाही कळलं नाही.

ती ओळ मॉरिशसलाही गेली असणार.

उन्हाळ्यात निनादच्या उजव्या डोळ्याला सुई लागली. डावा नंतर. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, गेलेलं परत येईल असं समजू नका, असलेलं टिकलं तरी पुष्कळ. महिने गेले. पाऊस पडून ओसरत आला. निनाद अजूनही दारांना धडकायचा, थोडा कमी धडकायचा, आणि दीक्षा रोज मोजायची नाही असं ठरवून रोज मोजायची.

नारळी पौर्णिमेला सगळे सुरंगदांड्याला आले. पुळणीवर वाडी जमली. बाबलनं नारळाला सोनेरी कागद लावला आणि काही न बोलता शेवंतीच्या ओंजळीत ठेवला. बोलायचं होतं ते वाडीनं आधीच एकमेकांत बोलून टाकलं होतं. ती गुडघाभर पाण्यात गेली. हरीनं कधी समुद्रात न बोललेला नवस आणि दादूनं ऐकलेला तो नवस, दोन्ही तिनं मनात आठवले, आणि नारळ सोडला. लाटेनं तो आधी परत आणला, मग ओढून नेला.

परतताना अंधारून आलं. माणसं पुढं-मागं पांगली होती. शेवंतीनं निनादचा हात धरला होता, आणि सवयीनं गळ्यात ओवी आली होती: पायाखाली करवंटी, डाव्या अंगाला होडी. पाणंदीचं वळण यायच्या जरा आधी निनादनं तिचा हात ओढला.

"आजी, थांब. कुणीतरी येतंय."

तिनं पुढं पाहिलं. वळणावर माडाच्या सावलीत एक आकृती होती खरी. अजून लांब. अजून तोंडातून शब्द न काढलेली.

शेवंतीची ओवी तिथंच थांबली. ती उभी राहिली, पोराचा हात हातात घेऊन, ती आकृती जवळ येईपर्यंत.

"मी बाबल," आकृती म्हणाली.

"माहीत आहे," निनाद म्हणाला. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो थोडा ताठ उभा राहिला आणि वाडीच्या रीतीप्रमाणे म्हणाला, "मी निनाद. हरी तांडेलाचा नातू."